पेट्रोल पाइप अन् खालची वेंट ट्यूब, दोन्हीकडून गळून राहिलं, ट्यूबला स्क्रू ठोकून बंद करू का?

मानेवाडा_१२५ :
नमस्कार मंडळी. बाबांची १२५ सीसी कम्युटर आहे, २०१३ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, आता मीच चालवतो, मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी रोजचं जाणं-येणं. सध्या सकाळी खाली पार्किंगमध्ये उतरलं की पेट्रोलचा वास येते, गाडीखाली फरशीवर पिवळसर-तपकिरी डाग पडून राहिला. मी वाकून पाह्यलं तं दोन जागा ओल्या दिसल्या. एक म्हणजे टाकीच्या कॉकमधून कार्बोरेटरकडे जाणारा पाइप, तो कॉकच्या टोकाशी ओला, मागे तिथं पारदर्शक नळी लावून देली होती मेकॅनिकनं, ती आता पिवळी पडून काडीसारखी कडक झाली, हातानं फिरवली की गोल फिरते. दुसरी जागा म्हणजे कार्बोरेटरच्या खालून इंजिनच्या मागं लोंबणारी बारीक काळी ट्यूब, साइड स्टँडवर लावली की तिच्या टोकातून थेंब-थेंब येते, मधल्या स्टँडवर लावली तं कमी येते.

घराजवळच्या मेकॅनिकला दाखवलं तं तो म्हणे ही वेंट ट्यूब आहे, हिचं काही काम नसते, टोकात एक स्क्रू पिळून देतो, गळणं बंद होईल. मला ते पटलं नाही म्हणून गाडी घेऊन परत आलो. कंपनीनं नळी देली म्हणजे कशासाठी तरी देली असंल ना? कोणाला माहीत असंल तं सांगा, ट्यूब बंद करू का नको, अन् पाइप कोणता घेऊ? पार्किंग बंदिस्त आहे, वर लोकं राहतात, त्यामुळे टेन्शन आहे.

पाना_पक्कड :
भाऊ, ट्यूब बंद करू नको. परत आला ते बेस केलं.

आधी उपाय आजच्या आज, बाकीचं नंतर वाच. गाडी उभी केली की कॉक ऑफ करायचा. रोज, न विसरता. आणि दुरुस्त होईपर्यंत बंद पार्किंगमध्ये ठेवू नको, बाहेर मोकळ्यावर ठेव. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरत जाते आणि कोपऱ्यात साचते. मीटर बोर्ड, पाण्याच्या मोटरचं स्टार्टर हे सगळं आपल्याकडं पार्किंगमध्येच असते. एवढी एक ठिणगी पुरते.

आता ट्यूबचं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला, म्हणजे फ्लोट बाऊलला, एक निपल असते, त्यावर ही काळी ट्यूब चढवलेली असते. बाऊलमध्ये पेट्रोल किती भरायचं हे फ्लोट आणि नीडल ठरवतात, घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना तसंच काम, पेट्रोल वर आलं की फ्लोट उचलला जातो, नीडल वर जाऊन भोक बंद करते. नीडलनं भोक नीट बंद केलं नाही की पेट्रोल वाढत जाते, आणि जास्तीचं बाहेर काढायला बाऊलच्या आत पितळेची एक उभी बारीक नळी असते, तिच्यातून ते खाली तुझ्या काळ्या ट्यूबमध्ये येते. म्हणजे ट्यूब गळत नाही, ट्यूब आपलं काम करून राहिली. बिघाड तिच्या वर आहे.

ती बंद केली तर पेट्रोल कुठं जाईल सांगतो. बाऊलमध्ये चढत जाईल, जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, इनटेकमध्ये म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत उतरेल, तिथून सिलिंडरमध्ये, मग रिंगांच्या फटीतून खाली इंजिन ऑइलमध्ये. ऑइल पातळ झालं की बेअरिंग, कॅम सगळं जातं. बाहेर एक थेंब दिसणार नाही आणि आत इंजिनची वाट लागून राहील. मी अशी इंजिनं उघडली आहेत, डिपस्टिक काढली की ऑइलऐवजी पेट्रोलचाच वास नाकात जातो. तू पण आजच डिपस्टिक काढून पाह्य. लेव्हल खुणेच्या वर गेली असेल किंवा वास येत असेल तर कार्बोरेटरचं काम झाल्यावर ऑइल बदलूनच गाडी चालव.

सदर_वाला :
माझ्या जुन्या गाडीची ट्यूब तर कधीची बंद आहे, एमसील लावून, गाडी मस्त चालते. उगाच घाबरवू नका त्याला.

पाना_पक्कड :
सदरवाले भाऊ, तुमच्या गाडीचा फ्लोट आज बरोबर आहे म्हणून चालते. ओव्हरफ्लोची ट्यूब ज्या दिवशी नीडलमध्ये कचरा अडकतो त्याच दिवशी लागते, बाकी दिवस ती रिकामीच असते. टाकीत गंजाचा एक कण सुटला आणि रात्रभर कॉक चालू राहिला तर सकाळी सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असेल, आणि पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. एमसील काढून टाका, विनंती करतो. दुसरं म्हणजे तुम्ही नेमकी कोणती ट्यूब बंद केली तेही पाहून घ्या, कारण कार्बोरेटरच्या बाजूनं निघणाऱ्या हवेच्या ट्यूब वेगळ्या असतात. त्या बंद केल्या तर बाऊलला हवा मिळत नाही, पेट्रोल पुढं सरकत नाही आणि गाडी वर्धा रोडवर चौथ्या गिअरमध्ये झटके देत बंद पडते.

मानेवाडा_१२५ :
काका एकदम डोक्यात बसलं. डिपस्टिक पाह्यली, लेव्हल खुणेवरच आहे, वास थोडासा येऊन राहिला असं वाटते पण माझ्या हातालाच पेट्रोल लागलेलं होतं त्यामुळे पक्कं नाही सांगू शकत. पण खाली लोंबणाऱ्या काळ्या नळ्या एकापेक्षा जास्त आहेत, कोणती कोणाची कसं ओळखू?

पाना_पक्कड :
टोकाकडून वर बोट फिरवत जायचं, दुसरा रस्ता नाही. आपल्याकडच्या कार्बोरेटरवाल्या गाडीत खाली उतरणाऱ्या नळ्या साधारण अशा: बाऊलच्या तळातली ओव्हरफ्लोची, कार्बोरेटरच्या बाजूच्या हवेच्या एक-दोन, टाकीच्या झाकणाभोवती पडलेलं पाणी खाली सोडणारी एक, आणि जुनी पाण्याची बॅटरी असेल तर तिच्या ब्रीदरची. बॅटरीच्या नळीतून ॲसिडची वाफ येते, तिला हात लावला तर धुऊन घे, आणि ती चेनवर किंवा सायलेन्सरवर सोडायची नाही.

आता गळती शोधायची पद्धत. आपल्या इथल्या उन्हाळ्यात थेंब दिसतच नाही, दुपारी तर खाली पडायच्या आत उडून जातो, फक्त डाग आणि वास राहतो, आणि माणूस चुकीच्या जागेवर पाना लावतो. म्हणून सकाळी थंड असताना कर. इंजिन बंद, कॉक ऑफ, कॉकपासून बाऊलपर्यंत सगळं जुन्या सुती कापडानं कोरडं पूस. खाली वर्तमानपत्र अंथर. कॉक ऑन कर आणि नुसतं बघत बस. वरून खाली बघायचं, कारण पेट्रोल वरून ओघळत येते आणि सगळ्यात खालच्या जागी थेंब धरते, त्यामुळे कॉक गळत असला तरी माणसाला वाटते कार्बोरेटर गळतो.

कॉकमध्येच तीन जागा आहेत. पाइप चढवलेलं टोक ओलं असेल तर पाइप आणि क्लिप. कॉकची दांडी फिरते तिथं ओलं असेल तर आतला चार भोकांचा रबर गेला, तो सुटा मिळतो, नाही मिळाला तर आख्खा कॉक बदल. आणि कॉक टाकीला जिथं बसतो तिथं ओलं असेल तर तिथली ओ-रिंग, पण त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते.

आणि एक सोपी टेस्ट: कॉक ऑफ करून खालचा पाइप कार्बोरेटरच्या बाजूनं काढ, बाटलीत सोड, थोडा वेळ ठेव. ऑफ असताना पण बाटलीत थेंब येत असतील तर कॉक पासिंग आहे, मग तू रोज बंद केला तरी फायदा नाही.

बुटीबोरी_शिफ्ट :
पाइपबद्दल मी सांगतो, रबर होजच्या लाइनमध्ये काम आहे म्हणून थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

ती पारदर्शक नळी काढून फेका. साधी पीव्हीसी नळी मऊ राहते ती तिच्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे, पेट्रोल ते हळूहळू धुऊन काढते, मग नळी पिवळी पडते, कडक होते, आवळते आणि निपलवरची पकड सुटते, तुमची गोल फिरते ती याच्यामुळेच. इंजिनच्या उष्णतेनं हे अजून लवकर होते. काही लोक सिलिकॉनची रंगीत नळी लावतात, छान दिसते म्हणून, ती तर पेट्रोलसाठी अजिबात नाही, फुगते आणि तिच्यातून वाफ आरपार जाते.

घ्यायचा तो काळा रबरी फ्युएल होज. गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल मिळाला तर प्रश्नच मिटला, कारण त्याला वळण आधीच दिलेलं असते. मीटरवर घ्यायचा असेल तर पाइपच्या अंगावर छापलेलं वाचा, एसएई जे३० आर६ किंवा आर७ असं लिहिलेलं असेल तर कार्बोरेटरच्या गाडीला चालते. ज्यावर काहीच छापलेलं नाही तो घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणू दे. आतला व्यास जुन्या ओरिजिनल तुकड्यावरून किंवा निपलवरून जुळवा, या साइजच्या गाड्यांना साधारण ५ ते ६ मिमीच्या आसपास लागते, पण अंदाजानं आणू नका, सैल पाइप क्लिपनं आवळून बसवणं म्हणजे दोन महिन्यांनी तोच प्रॉब्लेम.

इथेनॉलचं पण लक्षात घ्या. आता पंपावर ई२० मिळते, म्हणजे २० टक्के इथेनॉल, फेब्रुवारी २०२३ मध्ये ते सुरू झालं. २०१३ ची गाडी बनवताना तिचे रबर हे डोक्यात ठेवून निवडलेले नव्हते. इथेनॉल काही रबरांना फुगवते, मग पाइपला टोकाशी बारीक भेगा पडतात, ओ-रिंग सैल होते. आणि इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे गाडी फार दिवस उभी राहिली की टाकीत गंज, बाऊलमध्ये हिरवट-पांढरी घाण. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रस्त्यातले सगळे रबर एकदा बदलून घेतले तर पुढची कटकट वाचते असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवताना: पाइप धारदार ब्लेडनं सरळ कापा, तिरका नाही. निपलवर जो फुगवटा असतो त्याच्या पुढंपर्यंत पाइप ढकला आणि क्लिप त्या फुगवट्याच्या मागं आणा. क्लिप फुगवट्यावरच बसवली तर ती घसरते. स्प्रिंगवाली क्लिप सगळ्यात चांगली, रबर दबला तरी ती आवळत राहते. स्क्रूवाली पट्टीची क्लिप बारीक पाइपला फार आवळू नका, रबर कापते. तार गुंडाळून पक्कडनं पिळायची पद्धत आहे आपल्याकडं, ती तर नकोच, तार एकाच रेषेत रबर चिरते. निपलवर टेफ्लॉन टेप पण नको, तिचे धागे तुटून सरळ नीडलमध्ये जाऊन बसतात. लांबी अशी ठेवा की पाइप ताणला जाणार नाही आणि टाकी बसवल्यावर मुडपणार पण नाही, आणि सिलिंडरच्या फिन्सला टेकणार नाही.

मानेवाडा_१२५ :
दोघांचे लय आभार. रविवारी सकाळी वर्तमानपत्रवाली टेस्ट केली. कॉकची दांडी अन् टाकीकडचा जॉइंट कोरडा आहे, फक्त पाइपचं टोक ओलं होतं. ऑफवर बाटलीत एक थेंब नाही आला. म्हणजे कॉक बरा आहे. आर७ छापलेला पाइप मिळाला, स्प्रिंग क्लिपा पण, बसवला, तिकडून आता कोरडं आहे.

ओव्हरफ्लोचं मात्र चालूच आहे. काका, बाऊल मी स्वतः उघडू का?

पाना_पक्कड :
उघड, अवघड नाही, पण घाई नको. मोकळ्या जागेत बस, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव, इंजिन पूर्ण थंड. आणि कूलरच्या हवेत बसून करू नको, उन्हाळ्यात प्रत्येक जण अंगणातला डेझर्ट कूलर लावून त्याच्यासमोरच गाडी उघडून बसतो, त्याच्या स्विचची ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकत्र नको.

कार्बोरेटर काढायच्या आधी एक करून पाह्य. कॉक चालू ठेवून बाऊलवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हळूच दोन-तीनदा टिचक्या मार. गळणं थांबलं तर नीडल अडकत आहे किंवा तिच्याखाली कण आहे. बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू पण बघ, तो सैल असला तरी पेट्रोल त्याच निपलमधून येते, आणि लोक फ्लोटला दोष देत बसतात.

थांबलं नाही तर बाऊल काढ. स्क्रूचं डोकं मऊ असते, बरोबर मापाचा ड्रायव्हर दाबून धरून फिरव. बाऊल टेबलावर ठेवून तळात काय साचलं ते आधी बघ, तपकिरी पूड असेल तर तो टाकीतला गंज. मग फ्लोटची पिन सरकवून फ्लोट काढ, त्याच्यासोबत नीडल येईल. नीडलचं काळं रबरी टोक उजेडात धर, भिंग असेल तर उत्तम. टोकावर गोल रेघ, म्हणजे बसून बसून पडलेली खाच दिसली तर ती नीडल गेली, साफ करून उपयोग नाही. नीडल जिथं बसते ती पितळी सीट कान साफ करायच्या काडीनं पूस, तिथं खरवडायला पिन, तार काही घालू नको. फ्लोट कानाजवळ हलव, आत पेट्रोल खळखळत असेल तर फ्लोट फुटला.

आणि आता ती जागा जी बहुतेक जण बघत नाहीत. बाऊलमधली पितळेची उभी नळी. कधी कधी तिला खालून उभी केसासारखी चीर असते, मग लेव्हल बरोबर असली तरी पेट्रोल त्या चिरेतून उतरत राहते आणि माणूस नवी नीडल टाकून पण डोकं धरून बसतो. सुटा बाऊल सपाट धर, त्या नळीच्या तोंडाच्या थोडं खालपर्यंत पेट्रोल भर, आणि खालच्या निपलमधून थेंब येते का बघ. आलं तर बाऊल बदलायचा.

मानेवाडा_१२५ :
उघडला काका. बाऊलच्या तळात बारीक तपकिरी पूड होती, बोटाला घासल्यासारखी लागत होती. नीडलच्या टोकावर तुम्ही म्हणाले तशी रेघ स्पष्ट दिसते, नखाला सुद्धा जाणवते. पितळी नळी भरून पाह्यली, कोरडी राहिली. नवीन ओरिजिनल नीडल अन् बाऊलचा गॅस्केट टाकला, साइड स्टँडवर लावून रात्रभर मुद्दाम कॉक चालू ठेवला (बाहेर मोकळ्यावर), सकाळी कागद कोरडा. इंजिन ऑइल पण बदलून घेतलं, मनात शंका राहायला नको म्हणून.

आता एकच राहिलं. काल टाकी फुल केली, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात लावली, दुपारी पाहतो तं दुसऱ्याच नळीतून, मागच्या चाकाजवळ सुटणाऱ्या, पेट्रोल पडून राहिलं होतं. कार्बोरेटर कोरडा होता. हे काय आहे?

हिंगणा_रायडर :
माझी इंजेक्शनवाली बीएस६ आहे, तिला पण फुल टाकी केल्यावर सीटखालून असाच वास येतो आणि सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते. एकच प्रॉब्लेम असेल का? आणि तिचा पाइप पण मी असाच बदलू शकतो का?

बुटीबोरी_शिफ्ट :
मूळ एकच आहे, गळ्यापर्यंत भरणं. पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतलं, थंड असते. ते ४५ डिग्रीच्या उन्हात काळ्या टाकीत तापलं की फुगते, १० लिटर पेट्रोल २० डिग्रीनं तापलं तर साधारण २०० मिली वाढते, म्हणजे चहाचे दोन-तीन कप. टाकीत त्याला वर जागा पाहिजे. झाकणाच्या खाली जी गळ्याची पट्टी उतरलेली असते तिच्या खालच्या काठापर्यंतच भरा, नोझल कट झाल्यावर "राउंड करून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. मानेवाडावाले भाऊ, तुमच्या टाकीतलं वाढलेलं पेट्रोल झाकणाच्या रबरामधून वर येऊन पाण्याच्या नळीत गेलं. झाकणाचा रबर पण कडक झाला असेल तर बदला.

हिंगणावाले भाऊ, तुमच्या गाडीत टाकीची वाफ बाहेर सोडत नाहीत, कोळशाच्या डब्यात, कॅनिस्टरमध्ये जाते आणि चालताना इंजिन ती ओढून घेते. टाकी गळ्यापर्यंत भरली की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जाते, कोळसा भिजतो, मग वास, आणि सकाळचं स्टार्टिंग पण त्याच्यामुळेच बिघडू शकते. थोडी टाकी रिकामी होऊ द्या, पुन्हा तसं भरू नका, तरी वास राहिला तर कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनकडे सोडणारा व्हॉल्व्ह, तपासून घ्या. पाइप मात्र घरी बदलू नका. तिथं पंपाचं प्रेशर साधारण ३ बार असते, आर७ चा पाइप तिथं चालतच नाही, आर९ लागतो, आणि लॉकवाला कनेक्टर प्रेशर न सोडता काढला तर पेट्रोलचा फवारा थेट गरम इंजिनवर जातो. सर्व्हिस सेंटरलाच द्या.

पाना_पक्कड :
बुटीबोरीवाल्या भाऊंनी बरोबर सांगितलं. एक जोडतो. झाकण उघडून काठाला बारीक भोक दिसेल, पाणी जायचं. त्यात धूळ भरलेली असते. पावसाळ्याआधी त्या भोकात थोडं पाणी ओतून बघा, खालच्या नळीतून लगेच यायला पाहिजे. नाही आलं तर खालून हवा मारा किंवा जाड नायलॉनची दोरी घालून मोकळं करा, पण हे करताना टाकीचं तोंड कापडानं बंद करा. ते तुंबलेलं राहिलं तर जुलैमध्ये झाकणाभोवती पाणी साचते आणि रबराखालून टाकीत उतरते, आणि मग तीच तपकिरी पूड परत नव्या नीडलवर येते. झाकणाला स्वतःची हवा घ्यायची बारीक जागा असते, ती पण फुंकून बघा. ती बंद असेल तर गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, आणि झाकण उघडलं की हवा आत ओढल्याचा आवाज येतो.

टाकीतला गंज जास्त असेल तर कॉकच्या आतली जाळी काढून साफ कर. पाइपमध्ये वेगळा फिल्टर लावायचा असेल तर बाण कार्बोरेटरकडे ठेव, आणि इंजेक्शनच्या गाडीचा जाड फिल्टर लावू नको, इथं पंप नसतो, पेट्रोल नुसतं स्वतःच्या वजनानं उतरते.